ब्रेक दाबला की स्टेअरिंग का थरथरतं?

‘गाडी थरथरते’ असं गॅरेजमध्ये जाऊन सांगणं म्हणजे डॉक्टरांना ‘अंग दुखतंय’ सांगण्यासारखं आहे. ते खरं असतं, पण त्यावरून औषध देता येत नाही. गेल्या वेळच्या बॅटरीवरच्या लेखानंतर जे फोन आले, त्यातले तीन बॅटरीबद्दल नव्हतेच. जुनी गाडी, ऐंशीच्या वर वेग, ब्रेकवर पाय ठेवला की स्टेअरिंग हातात डावी-उजवीकडे थरथरतं, अशी तिघांची तक्रार होती. तिघांनीही आधी अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घेतलं होतं. फरक शून्य.

फरक पडणारही नव्हता. बॅलन्सिंग बिघडलं असेल तर गाडी ब्रेक न लावताही थरथरते, बहुधा ऐंशी ते शंभरच्या पट्ट्यात, आणि वेग बदलला की कमी होते. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एका कडेने झिजतात; त्याने ब्रेकच्या वेळी थरथर येत नाही. पाय ब्रेकवर ठेवल्यावर सुरू होणारी आणि पाय उचलल्यावर थांबणारी थरथर ब्रेकचीच असते. स्टेअरिंगमध्ये जाणवत असेल तर बहुतेक वेळा पुढच्या चाकांची. इतकं स्वतःशी पक्कं केलं तरी निम्मा खर्च वाचतो.

आणखी एक गोष्ट आधी बाजूला काढून टाकतो. ओल्या रस्त्यावर किंवा खडीवर जोरात ब्रेक दाबल्यावर पायाखाली खडखडाट होऊन पेडल धडधडतं, तो एबीएसचा आवाज. तो बिघाड नाही, ती यंत्रणा तिचं काम करते आहे. हळुवार ब्रेकलाही थरथर होत असेल तरच पुढे वाचा.

या महिन्यात हा विषय घेण्याचं कारण माझ्या मामांची गाडी. २०१० सालची पेट्रोल हॅचबॅक, एक लाख वीस हजार किलोमीटर चाललेली. मामा टिळकवाडीत राहतात, मावशी साखळीला. महिन्यातून दोनदा तरी जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत खाली उतरायचं आणि संध्याकाळी परत. ‘अरे, घाटात उतरताना स्टेअरिंग नुसतं थरथरायलंय बघ,’ असं मामा फोनवर सांगत होते, आणि मागून मामी म्हणत होती की ती आता या गाडीत बसणार नाही. दीड वर्षापूर्वी त्यांनी पुढच्या दोन्ही डिस्क नव्या घातल्या होत्या. चार-पाच महिने गाडी छान चालली, मग हळूहळू तोच त्रास. आता एका गॅरेजने सांगितलं होतं की स्टेअरिंग रॅकच गेला आहे, बदलावा लागेल. एवढा खर्च जुन्या गाडीवर करण्यापेक्षा ती विकून टाकावी, असं घरात बोलणं सुरू झालं होतं.

मला त्या सगळ्यात एकच माहिती महत्त्वाची वाटली: नवी डिस्क घातल्यावर थरथर गेली आणि काही महिन्यांनी परत आली. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात रीस्टार्ट केल्यावर जाणारा आणि आठवड्याने परत येणारा दोष असतो, तसंच हे. रॅक खराब असता तर नव्या डिस्कने चार महिनेसुद्धा बरं वाटलं नसतं. म्हणजे थरथर डिस्कमधून येते आहे हे उघड होतं. पण डिस्कला दर वेळी कोण खराब करतंय, हा खरा प्रश्न होता.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सगळे म्हणतात, ‘डिस्क गरम होऊन वाकली.’ मेस्त्री म्हणतात, इंटरनेटवर म्हणतात, मीही कॉलेजात असताना हेच ऐकलं. डिस्क पॅटीससारखी पिळवटते असं चित्र डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात रस्त्यावरच्या गाडीत असं क्वचितच घडतं. कॅरोल स्मिथ नावाचे अमेरिकेतले नावाजलेले रेसिंग इंजिनिअर होते. त्यांनी या ‘वाकलेल्या डिस्क’च्या समजुतीवर एक लेखच लिहिला होता. रेसिंगमध्ये डिस्क आपल्यापेक्षा कितीतरी जास्त तापतात, तरी वाकलेली डिस्क आपण पाहिली नाही, असा त्यांचा अनुभव होता. मग होतं काय? डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. एके ठिकाणी ती किंचित झिजते, किंवा एके ठिकाणी पॅडचा थर जास्त चिकटतो. किंचित म्हणजे किती? साधारण ०.०१५ मिलिमीटरचा फरकसुद्धा स्टेअरिंगवर जाणवू शकतो. माणसाच्या केसाची जाडी याच्या चार-पाच पट असते.

पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. जाड भाग चिमटीत आला की पकड वाढते, पातळ भाग आला की सैल पडते. चाकाचा घेर पावणेदोन मीटर धरला तर ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला जवळपास तेरा वेळा फिरतं. म्हणजे सेकंदाला निदान तेरा वेळा चाकाला हिसका बसतो आणि टाय रॉडमधून तो तुमच्या हातात येतो. चाळिसाला हाच आकडा सहावर येतो. म्हणूनच गाडी थांबत आली की थरथर संथ होत जाते. हे ताल धरून कमी होणं ओळखता आलं की निदान जवळजवळ झालंच.

आता ही जाडी कमी-जास्त का होते? बऱ्याचदा, डिस्क सरळ बसलेली नसते म्हणून. डिस्क हबवर बसते आणि हबच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा राहिला असेल तर ती एक केसभर तिरकी बसते. पंख्याचं पातं थोडं डगमगत फिरतं ना, तसं. याला रनआउट म्हणतात. गंमत म्हणजे नुसत्या रनआउटने लगेच थरथर येत नाही, कारण कॅलिपर आपल्या पिनांवर सरकून डिस्कच्या डगमगण्याबरोबर डोलतो. पण ब्रेक दाबलेला नसताना ती डगमगणारी डिस्क प्रत्येक फेरीत त्याच ठिकाणी पॅडला हलकेच चाटून जाते. एका फेरीने काही होत नाही. काही हजार किलोमीटर, म्हणजे लक्षावधी फेऱ्या झाल्या की तो भाग पातळ होतो. मग थरथर सुरू. नवी डिस्क, चार महिने आराम, पुन्हा त्रास, या मामांच्या गोष्टीचा अर्थ मला इथे लागला.

पण अर्थ लागणं वेगळं आणि मोजून बघणं वेगळं. गाडी बेळगावची असण्याचा फायदा इथे झाला. साध्या गॅरेजमध्ये डायल गेज मागितला तर लोक तोंडाकडे बघतात. पण आपल्या उद्यमबागेत ज्याच्याकडे लेथ आहे त्याच्याकडे गेज आणि मायक्रोमीटर असणारच. आणि डिस्क म्हणजे तरी काय, ग्रे कास्ट आयर्न. या गावाला कास्टिंग आणि मशीनिंग शिकवायची गरज नाही. माझ्या शाळेतल्या मित्राचं तिथे छोटं मशीन शॉप आहे. रविवारी सकाळी मामा, मी आणि त्यांचे नेहमीचे मेस्त्री तिघे तिथे पोचलो.

त्याआधी रस्त्यावरच्या दोन चाचण्या करून घेतल्या होत्या. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, ऐंशीवरून हलका ब्रेक. स्टेअरिंग थरथरलं, पेडल किंचित धडधडलं, सीट शांत. मग मोकळ्या मैदानात तीसच्या वेगाने, हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढला. थरथर नाही. हँडब्रेक मागच्या ड्रमवर काम करतो, म्हणजे मागची बाजू बरीचशी सुटली. ही चाचणी ओल्या जमिनीवर करू नका आणि इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकच्या गाडीवर तर अजिबात नको.

शॉपमध्ये गाडी स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, संपादिका ते छापणार नाहीत. चाक धरून वर-खाली हलवून बेअरिंगमध्ये खेळ नाही ना ते आधी बघितलं, कारण बेअरिंग सैल असेल तर पुढच्या आकड्यांना अर्थ नाही. चाक काढलं, पण नट वॉशर घालून परत आवळले, म्हणजे डिस्क हबला घट्ट बसलेली राहते. गेजचा चुंबक नकलला चिकटवला आणि टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून सेंटिमीटरभर आत टेकवलं. मग डिस्क हाताने सावकाश फिरवायची आणि काट्याकडे बघत राहायचं.

उजवीकडे काटा ०.०४ मिलिमीटर हलला. डावीकडे ०.१३.

छोट्या गाड्यांना साधारण ०.०५ ते ०.१० पर्यंतची मर्यादा असते, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघावा. ०.१३ कुठल्याच हिशोबात बसत नव्हता. मेस्त्री म्हणाले, ‘बघा काका, डिस्क वाकलीय. नवी टाकूया.’ इथे मी त्यांना पाच मिनिटं थांबवलं, कारण या सगळ्या उद्योगातली मला सर्वांत आवडणारी पायरी पुढची होती.

डिस्कवर जिथे काटा सर्वांत वर जातो तिथे खडूने खूण केली, आणि त्या जागेसमोरच्या स्टडवरही. मग डिस्क काढून दोन भोकं फिरवून, म्हणजे अर्धा वळसा देऊन, परत बसवली आणि पुन्हा मोजलं. दोष डिस्कमध्ये असेल तर उंच भाग डिस्कवरच्या खुणेबरोबर फिरून दुसऱ्या बाजूला जाईल. दोष हबमध्ये असेल तर उंच भाग स्टडच्या खुणेपाशीच राहील. घरात दिवा लागत नसेल तर बल्ब दुसऱ्या होल्डरमध्ये लावून बघतो, तितकंच हे सोपं आहे. (काही जुन्या गाड्यांत डिस्क हबच्या मागून बोल्टने बसवलेली असते, तिथे हे इतक्या सहज जमत नाही.)

उंच भाग स्टडपाशीच राहिला. डिस्क निर्दोष होती, निदान तिरकेपणाच्या आरोपातून.

डिस्क पुन्हा काढून हबचं तोंड बघितलं. एका बाजूला गंजाचा कडक, काळपट पापुद्रा. दीड वर्षापूर्वी नवी डिस्क घालताना तो खरवडलाच नव्हता. हबवर ०.०६ चा पापुद्रा असला तरी डिस्कच्या कडेला तो दीडपटीहून जास्त दिसतो, कारण डिस्कचा व्यास हबपेक्षा मोठा. वायर ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन मेस्त्रींनी अर्धा तास हब घासला, स्टडच्या बुंध्याशी विशेष, कारण गंज तिथेच दडून बसतो. हबच्या तोंडावर गेज लावला: ०.०२. डिस्क परत बसवली: ०.०५. मेस्त्रींनी गेजकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मित्राला विचारलं की असला गेज कितीला मिळतो. मला वाटतं त्या रविवारची खरी कमाई तीच.

काम मात्र संपलं नव्हतं. तिरकेपणा गेला तरी इतके महिने झिजलेली जाडी परत येत नाही. मायक्रोमीटरने डिस्कच्या आठ ठिकाणी जाडी मोजली, कमाल आणि किमान यात ०.०३ चा फरक. जाडी सरासरी १६.४ मिलिमीटर, डिस्कवर कोरलेली किमान मर्यादा १५. म्हणजे लेथवर पृष्ठभाग घेता येण्याइतका माल शिल्लक होता. दोन्ही डिस्क हलक्या घासून घेतल्या. एकच घासायची नाही, डाव्या-उजव्यात फरक पडतो. किमान जाडीच्या खाली गेलेली डिस्क मात्र घासू नये, सरळ नवी घ्यावी. पातळ डिस्क लवकर तापते आणि तिला तडे जातात. आणि नवी घ्या किंवा घासा, हब साफ न करता बसवली तर ती डिस्क त्याच वाटेने जाणार.

डाव्या कॅलिपरची खालची पिन चिकटली होती, ती काढून साफ करून ब्रेकसाठीचं ग्रीस लावलं. साधं ग्रीस तिथे चालत नाही, रबर फुगतं. पॅड संपत आले होते, ते बदलले. डाव्या लोअर आर्मच्या बुशलाही तडा दिसला. मेस्त्री तोही त्याच दिवशी बदलणार होते. मी म्हटलं, आधी गाडी चालवून बघू. सगळं एकदम बदललं की नेमकं कशाने बरं झालं ते कळत नाही, आणि त्रास परत आला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड झिजले असतील तर छोटी थरथर मोठी होऊन हातात येते हे खरं, पण ते भोंगे आहेत, गाणारा दुसराच असतो. फुटक्या बुशसकट गाडी ऐंशीवरून ब्रेक लावून बघितली. स्टेअरिंग शांत. मग पुढच्या आठवड्यात बुश बदलला, कारण फुटका बुश हा स्वतंत्रपणे बदलण्यासारखा आहेच. रॅकला कोणी हातही लावला नाही. सगळा खर्च मिळून त्या रॅकच्या अंदाजाच्या पाचव्या भागात बसला.

नवे पॅड घातल्यावर पहिल्याच दिवशी घाटात जाऊ नका. पॅड आणि डिस्कचा संसार आधी जुळावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर साठवरून पंधरा-वीसपर्यंत मध्यम ब्रेकने वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये थोडी हवा लागू द्यायची, असं आठ-दहा वेळा. मग काही किलोमीटर ब्रेक फारसा न वापरता चालवून सगळं थंड होऊ द्यायचं. यात पॅडचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो.

हा थर बिघडतो कसा, ते चोर्ल्यासारख्या घाटात कळतं. माणसं-सामानासकट बाराशे किलोची गाडी सहाशे मीटर खाली उतरली तर जवळपास सत्तर लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ती सगळी ब्रेकमध्ये गेली तर तेवढ्यात बावीस लिटर गार पाणी उकळेल. एक मोठा हंडा, अंघोळीच्या बंबाइतका. गिअर खालचा ठेवला तर यातला मोठा वाटा इंजिन उचलतं आणि हवाही थोडा घेते. न्यूट्रलमध्ये उतरणारे पेट्रोल वाचवत नाहीत. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये राहून पाय काढला की पेट्रोल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलवाल्यांचं सगळं ओझं मात्र डिस्कवर येतं.

आणि उतरून आल्यावर केरीच्या चेकपोस्टला गाडी उभी केली की पाय ब्रेकवर दाबून धरू नका. तापलेल्या डिस्कवर पॅड एकाच जागी दाबून ठेवला तर तिथे पॅडचा ठसा उमटतो, आणि तोच ठसा पुढे प्रत्येक फेरीत हाताला लागतो. सपाट जागी पाय उचला, गाडी पहिल्या गिअरवर किंवा मागच्या ड्रमच्या हँडब्रेकवर उभी ठेवा. पावसाळ्यात घाट उतरून लगेच चाकांवर पाण्याचा पाइप मारायचा मोहही टाळा, आधी अर्धा तास जाऊ द्या.

वर सांगितलेलं सगळं थरथरीपुरतं आहे. पेडल मऊ लागत असेल किंवा खाली जात असेल, ब्रेक ऑइल कमी होत असेल, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत असेल, गाडी ब्रेकला एका बाजूला जोरात ओढत असेल, तर मोजमाप वगैरे नंतर. गाडी तिथेच उभी करून मेस्त्रींना बोलवा. तापलेल्या डिस्कला किंवा चाकाला हात लावून कुठलं जास्त गरम ते बघायलाही जाऊ नका. त्यासाठी दुरून तापमान मोजणारं छोटं यंत्र मिळतं. एक चाक दुसऱ्यापेक्षा खूपच गरम निघालं तर त्या बाजूचा कॅलिपर किंवा पिन अडकली आहे असं समजायचं.

राहिले चाकाचे नट. पंक्चरवाल्याकडे एअर गनने एकेक नट घुर्रकन बसतो, पहिला फार घट्ट आणि शेवटचा कमी. असमान आवळलेली डिस्क हबवर असमान बसते आणि इतकं घासून-मोजून साधलेला ०.०५ परत वर जातो. नट आधी हाताने लावायचे, मग समोरासमोरच्या जोडीने, शेवटी टॉर्क पान्याने. बऱ्याच छोट्या गाड्यांना हा आकडा ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. आपल्या गाडीचा पुस्तकात बघून घ्या आणि ग्लव्ह बॉक्सच्या झाकणावर आतून लिहून ठेवा. चाक काढून लावल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर एकदा परत तपासा. मामांनी टॉर्क पाना विकत घेतला आहे, तो आता टिळकवाडीतल्या निम्म्या गल्लीत फिरतो.